चिलीचा विलिस हूवर आणि आपलं केडगाव, हे नातं खरं आहे का?

एका तरुण पाळक बंधूंनी विचारलंय की आमच्याकडे सगळे सांगतात पेंटेकॉस्टल चळवळ, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी ख्रिस्ती चळवळ, लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर सुरू झाली आणि तिथून जगभर गेली, पण एका शिबिरात ऐकलं की दक्षिण अमेरिकेत चिली देशातली पेंटेकॉस्टल मंडळी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमुळे सुरू झाली, तर हे खरं आहे की आपल्याच लोकांनी फुगवून सांगितलंय, तो संस्थापक हूवर नेमका कोण होता, आणि हे मंडळीत सांगू का.

मी बरीच वर्षं मंडळीचा इतिहास शिकवतोय, पाळकपणही केलंय, आणि हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे म्हणून जरा लांब लिहितो. आधी सरळ उत्तर घ्या. नातं खरं आहे, कागदोपत्री आहे, आणि खुद्द हूवरने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. मात्र "केडगावने चिलीत चर्च काढलं" असं कोणी म्हणत असेल तर तेही बरोबर नाही. केडगावहून एक पुस्तिका गेली. त्या पुस्तिकेने एका नवरा-बायकोच्या मनात प्रश्न उभा केला आणि पुढचं सगळं चिलीतल्या व्हालपाराइसो बंदराच्या गरीब माणसांनी गुडघ्यावर बसून मिळवलं.

आता हूवर कोण. विलिस कॉलिन्स हूवर हा अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्टचा. शिक्षणाने डॉक्टर, पदवी मेडिकलची, आणि मंडळीने मेथडिस्ट. 1889 मध्ये बायको मेरीला घेऊन तो चिलीला गेला, तोसुद्धा मोठ्या मिशन बोर्डाच्या पगारावर नाही तर विल्यम टेलर यांच्या स्वावलंबी मिशनमधून. हे टेलर नाव महाराष्ट्रातल्या मेथडिस्ट घरांमध्ये माहीत असायला हवं कारण 1870 नंतरच्या काही वर्षांत याच टेलरनी मुंबईत येऊन सभा घेतल्या आणि मेथडिस्ट मंडळ्या उभ्या केल्या. त्यांचं तत्त्व एकच होतं, पौलासारखं काम करा, बाहेरच्या पैशावर बसू नका, मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः उचलायचा. तेच तत्त्व ते मग दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. म्हणजे केडगावची पुस्तिका चिलीत पोचायच्या कितीतरी आधी मुंबई आणि चिली एका माणसाच्या कामाने जोडलेली होती. हे स्वावलंबनाचं बी लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ त्यावरच आहे.

हूवर पहिल्यांदा गेला इकिके बंदरात. उत्तर चिलीचा वाळवंटी भाग, जिथून सोरा जहाजं भरभरून युरोपला जायचा, इंग्रज कंपन्या, त्यांचे साहेब आणि हजारो मजूर. तिथल्या इंग्लिश शाळेत तो शिकवायला लागला. त्याने आरामात साहेबांच्या मुलांना शिकवून दिवस काढले असते, पण स्पॅनिश शिकला आणि मजूर लोकांत प्रचार करू लागला. मधे 1895 च्या सुट्टीत अमेरिकेला गेला असताना शिकागोत एक मंडळी त्याने पाहिली जी सतत संजीवनात, म्हणजे आत्मिक जागृतीत, जगत होती, आठवड्याची सभा संपली की विझून जायची असं नव्हतं. ते दृश्य त्याच्या डोक्यातून गेलंच नाही.

1902 मध्ये त्याची बदली व्हालपाराइसोला झाली. मोठं बंदर, डोंगरउतारावर चढत गेलेल्या वस्त्या, खाली गोदी. तिथे शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या बायबल वर्गात, पहिल्या मंडळीची हकीकत सांगणारं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक शिकत असताना एका बंधूने त्याला विचारलं की आपण त्या पहिल्या मंडळीसारखी मंडळी व्हायला अडचण काय आहे. हूवरने सांगितलं, अडचण कुठलीच नाही, असलीच तर आपल्या आतच आहे. मी हे वाक्य विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण चिलीच्या संजीवनाची सुरुवात कुठल्या मोठ्या कन्व्हेन्शनमधून झाली नाही, एका सामान्य सभासदाच्या साध्या प्रश्नातून झाली, आणि पाळकाने तो प्रश्न टाळला नाही. आपल्याकडे असा प्रश्न कोणी विचारला तर आपण "ते प्रेषितांचे दिवस होते बाबा" म्हणून विषय संपवतो की नाही?

मग 16 ऑगस्ट 1906 ला व्हालपाराइसोत भयानक भूकंप झाला. हजारो माणसं गेली, शहर कोसळलं, आग लागली, मेथडिस्टांचं चर्चही गेलं. मंडळी घरोघरी आणि मिळेल त्या आडोशाला जमू लागली. याचा परिणाम असा झाला की लोकांना चर्चच्या बिल्डिंगशिवाय, छोट्या छोट्या गटात, एकमेकांच्या घरात प्रार्थना करायची सवय लागली. पुढे चार वर्षांनी जेव्हा त्यांना खरंच बिल्डिंग सोडून बाहेर पडावं लागलं तेव्हा ही सवय कामाला आली, असं माझं मत आहे.

आणि मग 1907 मध्ये ती पुस्तिका आली.

आता केडगावकडे येऊ, कारण आपल्या माणसांना पंडिता रमाबाई माहीत असतात शारदा सदन, विधवांचं शिक्षण, दुष्काळातल्या मुली, बायबलचं भाषांतर यासाठी, पण 1905 चं संजीवन बहुतेकांना माहीतच नसतं, आणि शाळेच्या पुस्तकात ते येणार तरी कसं. वेल्समध्ये 1904 ला संजीवन सुरू झालं होतं, नंतर खासी टेकड्यांवरच्या मंडळ्यांत झालं, त्याच्या बातम्या येत होत्या. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी मुक्तीत विचारलं की रोज प्रार्थनेला कोण येईल, तर सत्तर जणी उभ्या राहिल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा साडेपाचशे जणी प्रार्थनेला बसत होत्या. मिनी एब्रम्स नावाची अमेरिकन मेथडिस्ट डीकनेस, म्हणजे मंडळीने नेमलेली सेविका, जी 1887 ला मुंबईत आली आणि 1898 पासून रमाबाईंबरोबर होती, ती या मुलींना शिकवत होती, सुवार्तेसाठी आजूबाजूच्या गावांत त्यांच्या तुकड्या पाठवत होती.

29 जून 1905 ची पहाट, साडेतीनचा सुमार. एक मोठी मुलगी मिनी एब्रम्सकडे धावत आली आणि सांगू लागली की एका मुलीवर पवित्र आत्मा उतरला, तिच्यावर आग दिसली म्हणून मी पळत जाऊन पाण्याची बादली आणली आणि ओतणार एवढ्यात कळलं की ती जळत नाहीये. ही बादली मला फार महत्त्वाची वाटते. ती मुलगी काही धर्मशास्त्र शिकलेली नव्हती, तिला आग दिसली आणि तिने आग लागल्यावर जे करायचं तेच केलं. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीसारख्या शांतपणे योहानाच्या आठव्या अध्यायावरून शिकवत असताना सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या, आणि रमाबाईंना शिकवणं थांबवावं लागलं. पुढच्या काळात तिथे अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषांत, बोलणंही झालं. अझुसा स्ट्रीट सुरू झालं एप्रिल 1906 मध्ये. तारखा तुमच्यासमोर आहेत, म्हणून "सगळं एका ठिकाणाहून निघालं" हे मी वर्गात कधीच शिकवत नाही. अझुसाचं महत्त्व मोठंच आहे, विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय पाळकाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण पवित्र आत्म्याला केडगावला यायला लॉस एंजेलिसहून गाडी बदलावी लागली नाही.

तर या सगळ्यावर मिनी एब्रम्सने 1906 मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली, पवित्र आत्म्याच्या आणि अग्नीच्या बाप्तिस्म्याबद्दल. ती चिलीला कशी गेली? मिनी एब्रम्स आणि मेरी हूवर या दोघी शिकागोच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये एकत्र शिकलेल्या मैत्रिणी होत्या. एक पुणे जिल्ह्यातल्या माळरानावर, दुसरी पॅसिफिकच्या काठावर. एका मैत्रिणीने दुसरीला पुस्तिका पाठवली, बस एवढंच. मिशनऱ्यांच्या इतिहासात बायकोचं नाव नेहमी नवऱ्याच्या मागे लपतं, पण इथे सगळी साखळीच बायकांची आहे, मुक्तीच्या मुली, रमाबाई, मिनी एब्रम्स, मेरी हूवर. संस्थापक म्हणून नाव मात्र विलिस हूवरचं.

पुस्तिका वाचून हूवर नवरा-बायको चक्रावले. ते मेथडिस्ट, म्हणजे नीतिमान ठरणं माहीत, पवित्रीकरण माहीत, मेथडिस्टांचे संस्थापक जॉन वेस्ली पाठ. पण याशिवाय पवित्र आत्म्याचा अग्नीसहित बाप्तिस्मा असा वेगळा स्पष्ट अनुभव असतो हे त्यांनी असं ऐकलेलं नव्हतं. मग त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला, भारतात, नॉर्वेत टी. बी. बॅरेट नावाच्या मेथडिस्ट पाळकाला, आणखी इकडे तिकडे. घाई केली नाही. वचन तपासलं, लोकांना विचारलं, प्रार्थना केली. एका पुस्तिकेवर दोन-दोन वर्षं प्रार्थना करत बसलेला पाळक आज मिळेल का मला माहीत नाही, आज यूट्यूबवर एक व्हिडिओ बघून पुढच्या रविवारी तोच संदेश देतात.

मंडळीतला एक साधा माणूस, धंद्याने रात्रपाळीचा पहारेकरी, एके दिवशी सकाळी सकाळीच हूवरकडे आला. म्हणाला, प्रभूने मला सांगितलंय की तुझ्या पाळकाकडे जा आणि त्याला सांग की मंडळीतल्या आत्मिक लोकांना गोळा करून रोज प्रार्थना कर, मी त्यांना अग्नीच्या जिभांनी बाप्तिस्मा देणार आहे. हूवर डॉक्टर, शिकलेला, परदेशी, मोठ्या मंडळीचा पाळक. तो त्या पहारेकऱ्याला "जा, झोप काढ" म्हणाला असता तर कोणी दोष दिला नसता. त्याने काही जणांना बोलावलं आणि रोज संध्याकाळी पाच वाजता प्रार्थना सुरू केली. माझ्या मते हूवरच्या सेवेतला सर्वात मोठा क्षण हाच आहे, बाकी सगळं यानंतर आलं.

1909 साल उजाडताना जागरणाच्या प्रार्थनेत सगळे लोक एकदम, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागले, जे त्या मंडळीत आधी होत नव्हतं. मग वर्षभर संजीवन चाललं. हूवरने लिहून ठेवलंय की लोक हसायचे, रडायचे, ओरडायचे, गायचे, अन्य भाषा बोलायचे, दृष्टांत बघायचे, जमिनीवर पडायचे. आणि त्याचबरोबर चोरलेल्या वस्तू परत करायचे, भांडणं मिटवायचे, रस्त्यावर जाऊन साक्ष द्यायचे, दारू सुटायची. बंदरातली गरीब माणसं, मोची, मजूर, धुणी धुणाऱ्या बायका. त्यांना कोणी कधी व्यासपीठावर उभं केलं नव्हतं, आता ती चौकाचौकात बोलत होती.

पेपरवाले धावले. तक्रार झाली, हूवरला कोर्टात उभं राहावं लागलं. आरोप काय तर हा माणूस लोकांना "कोकऱ्याचं रक्त" नावाचं काहीतरी घातक पेय पाजतो आणि ती गुंगीत पडतात. आपल्याकडे प्रार्थनेच्या बाटलीतल्या तेलावरून आणि प्रभुभोजनाच्या प्याल्यावरून जे बोललं जातं ते आठवलं ना? हूवरने न्यायाधीशासमोर ख्रिस्ताच्या रक्ताचा अर्थ सांगितला, म्हणजे कोर्टातच सुवार्ता झाली.

आता जो भाग लोक टाळतात तो. व्हालपाराइसोत नेली लेडलॉ नावाची एक तरुणी विश्वासात आली होती, तिला भविष्यवाणीचं दान आहे असं सगळे म्हणत. ती राजधानी सांतियागोला गेली. 12 सप्टेंबर 1909, रविवार. तिथल्या मेथडिस्ट चर्चमध्ये तिला बोलायचं होतं, पाळकांनी नाही म्हटलं, लोक तिच्या बाजूने उभे राहिले, गोंधळ झाला, संध्याकाळी दुसऱ्या चर्चमध्येही तेच, पोलीस बोलावले आणि तिला धरून नेलं. चिलीचे पेंटेकॉस्टल लोक आजही 12 सप्टेंबर हा आपला दिवस मानतात. पण हेही सांगायला पाहिजे की एका नवीन विश्वासणाऱ्या मुलीला इतक्या लवकर इतका अधिकार देणं बरोबर होतं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि योग्यच होता. आत्म्याचं दान खरं असलं तरी माणूस कच्चा असू शकतो, त्याची पारख करायची जबाबदारी पाळकाची, आणि इथे हूवरच्या बाजूने पारख कमी पडली असं मला वाटतं. मी त्याला फार मानतो, तरी वाटतं. पोलीस बोलावणाऱ्यांची चूक मात्र त्याहून मोठी होती, उपासनेतल्या वादाला पोलीस हे उत्तर नव्हे.

फेब्रुवारी 1910 मध्ये मेथडिस्टांची वार्षिक कॉन्फरन्स व्हालपाराइसोत, हूवरच्याच गावात भरली. त्याच्यावर आरोप ठेवले की तो शिकवतो ते मेथडिस्ट शिक्षणाविरुद्ध आहे. त्याने अमेरिकेला परत जावं असा आग्रह झाला. मंडळीच्या लोकांनी त्याला जाऊ नका म्हणून विनवलं आणि शेवटी त्याने राजीनामा दिला. आणि मंडळीचा मोठा हिस्सा त्याच्याबरोबर बाहेर पडला. भूकंपानंतर याच लोकांनी पै पै जमवून नवीन चर्च बांधलेलं होतं, ते तसंच सोडून. सांतियागोमधले दोन गट आधीच बाहेर होते, त्यांनी हूवरला आमचे सुपरिंटेंडंट व्हा म्हणून सांगितलं. अशी 1910 मध्ये मेथडिस्ट पेंटेकॉस्टल चर्च उभी राहिली. संस्थापक व्हायचं म्हणून तो निघालाच नव्हता, तो मेथडिस्ट म्हणूनच राहायला तयार होता, म्हणून तर नावातही मेथडिस्ट ठेवलं, लहान मुलांचा बाप्तिस्माही चालू ठेवला, सगळा कारभार मेथडिस्ट पद्धतीचा. आपल्याकडचे पेंटेकॉस्टल बंधू हे ऐकून दचकतात. आणि अन्य भाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची एकमेव खूण असंही चिलीत धरलं नाही, प्रीती, साक्ष, बदललेलं जीवन, नाचणं, रडणं, हेही आत्म्याचंच काम. मुक्तीतही रमाबाईंची आणि मिनी एब्रम्सची भूमिका अशीच होती, भाषांचं दान खरं, पण सगळ्यांना तेच मिळालं पाहिजे असा हट्ट नाही. म्हणजे पुस्तिकेबरोबर केडगावचा स्वभावही तिकडे गेला असं म्हणायला जागा आहे.

पैसा? बाहेरून काही नाही. मिशन बोर्ड तुटलं, पगार बंद, बिल्डिंग गेली. इथे टेलरचं ते जुनं बी उगवलं. दशमांशावर, म्हणजे सभासदांनी दिलेल्या मिळकतीच्या दहाव्या भागावर पाळक, सेमिनरी नाही, कॉलेज नाही. आज विश्वासात आलास, उद्या रस्त्यावर उभं राहून साक्ष दे, मग शब्बाथ शाळेत शिकव, मग एखाद्या वस्तीत प्रार्थनाघर सांभाळ, तिथे मंडळी वाढली तर तू पाळक. शिक्षण कमी पडलं हे खरंय आणि त्याचे तोटेही झाले, पण मोच्याला मोच्याच सुवार्ता सांगत होता, मधे दुभाषा नव्हता. म्हणून ती परदेशी मंडळी राहिलीच नाही, चिलीची झाली. हूवर हा शेवटचा गोरा माणूस होता म्हणा ना, त्याच्या भोवतीचे सगळे चिलीचे.

शेवट गोड नाही. 1930 नंतर मंडळीत हूवर आणि सांतियागोचे पाळक मानुएल उमान्या यांच्यात फाटलं. अधिकाराचा प्रश्न होता, एकमेकांवर आरोप झाले, उपासनेत गिटार वगैरे वाद्यं आणण्यावरूनही मतभेद होते. 1933 पर्यंत दोन मंडळ्या झाल्या. उमान्यांकडे मेथडिस्ट पेंटेकॉस्टल राहिली आणि हूवरबरोबरचे लोक इव्हँजेलिकल पेंटेकॉस्टल चर्च म्हणून वेगळे झाले. म्हातारपणी, ज्या मंडळीला जन्म दिला तिच्यापासूनच वेगळं व्हायचं. 1936 मध्ये तो गेला. चिलीतच गेला, सत्तेचाळीस वर्षं त्या मातीत काढून.

पुढे काय झालं तेही तुम्हाला माहीत असावं, कारण संस्थापकाची सेवा त्याच्या मरणाबरोबर संपत नाही. या दोन मंडळ्यांतून फुटून फुटून कितीतरी निघाल्या. 2002 च्या जनगणनेत चिलीतले पंधरा टक्के लोक इव्हँजेलिकल निघाले आणि त्यातले बहुतेक पेंटेकॉस्टलच. 2008 पासून 31 ऑक्टोबरला तिथे इव्हँजेलिकल मंडळ्यांसाठी राष्ट्रीय सुट्टी आहे, कॅथलिक देशात. दुसरी बाजूही आहे. सांतियागोच्या होताबेचे रस्त्यावरचं मोठं चर्च 1974 ला उघडलं तेव्हा हुकूमशहा पिनोचेट पाहुणा म्हणून बसलेला होता, आणि अनेक पाळकांनी त्याला उघड पाठिंबा दिला. पोलिसांनी ज्यांच्या बहिणीला उपासनेतून धरून नेलं होतं त्याच मंडळीने असं वागावं याचं मला फार दुःख होतं, आणि सत्तेच्या जवळ जायचा मोह झाला की मी आपल्या पाळकांना हे उदाहरण देतो.

तुम्ही विचारलंय की हे मंडळीत सांगू का. सांगा, जरूर सांगा, पण दोन काळज्या घ्या. पहिली, रमाबाईंना पेंटेकॉस्टल चर्चच्या संस्थापक बनवू नका. त्यांनी कुठल्याही पंथाची स्थापना केली नाही, मुक्ती मिशन कुठल्या एका मंडळीचं नव्हतं, 1922 ला जाईपर्यंत त्या त्यांच्या मुलींत आणि बायबलच्या भाषांतरात गुंतल्या होत्या. दुसरी, मिनी एब्रम्सचं नाव विसरू नका. तिने 1910 मध्ये बायकांची एक वेगळी सुवार्ता तुकडी काढली आणि जिथे सुवार्ता पोचली नव्हती अशा उत्तर प्रदेशातल्या भागात गेली, तिथेच 1912 मध्ये मलेरियाने वारली. जिच्या पुस्तिकेने चिली हलला तिला चिलीत पुढे काय काय झालं ते बघायला मिळालं नाही.

आणि वाचायचं असेल तर हूवरने चिलीच्या संजीवनाचा इतिहास स्वतः लिहिलाय, मूळ स्पॅनिशमध्ये, तो मिळवा, स्पॅनिश येणाऱ्या कोणा ओळखीच्याकडून थोडं थोडं भाषांतर करून घेता आलं तरी चालेल. पहारेकऱ्याचा प्रसंग आणि कोर्टाचा प्रसंग आधी वाचा. केडगावला जायचं असेल तर पुण्याहून दौंडच्या लाइनवर स्टेशन आहे, मुक्ती मिशन अजून चालू आहे. तुमच्या तरुण संघाला एकदा घेऊन जा आणि जाण्याआधी त्यांना योहानाचा आठवा अध्याय वाचायला लावा.